हस्तिदंतावरचे चेहरे आणि घराण्याची अब्रू: जॉर्जियाना मॅक्रे यांचं प्रकरण

1843 सालच्या मेलबर्नमध्ये मॅक्रे कुटुंबाला पैशांची निकड होती. अँड्र्यू मॅक्रे पेशाने वकील, पण वकिली चालेना. जमिनींच्या सट्ट्यावर फुगलेलं ते नवं गाव आता रोज कुणाची ना कुणाची दिवाळखोरी ऐकत होतं. घरात लहान मुलं होती, यारा नदीकाठी नुकतंच बांधलेलं घर होतं आणि त्या घराचा खर्च होता. त्याच घरात एक चित्रकारही होती. लंडनमध्ये पद्धतशीर शिकलेली, रौप्यपदक मिळवलेली, लग्नाआधी एडिनबरोत लोकांचे चेहरे रंगवून स्वतःचा खर्च स्वतः भागवलेली. ती अँड्र्यूंची पत्नी जॉर्जियाना. तिने पैसे घेऊन व्यक्तिचित्रं काढावीत हे नवऱ्याला आणि सासरच्या मंडळींना मान्य नव्हतं. व्यवसाय म्हणून ती मेलबर्नमध्ये कधी उभी राहिली नाही.

मला इथे तपासायचा आहे तो हाच पेच. हातात कसब आहे, गावात गरज आहे, घरात चणचण आहे, तरी व्यवहार झाला नाही. का झाला नाही? ‘काळच तसा होता’ हे उत्तर लगेच जिभेवर येतं, पण त्याच काळातली, त्याच वसाहतींमधली उदाहरणं समोर ठेवली की ते टिकत नाही. खरं उत्तर या बाईच्या जन्मात, तिच्या लग्नात आणि मेलबर्नमधल्या तिच्या सासरच्या गोतावळ्यात आहे.

माहेर, ज्याला माहेर म्हणता येत नव्हतं

जॉर्जियानाचा जन्म 15 मार्च 1804 रोजी लंडनमध्ये झाला. वडील जॉर्ज, हंटलीचे मार्क्विस, म्हणजे गॉर्डन या बलाढ्य स्कॉटिश सरदारघराण्याचे वारस. 1827 मध्ये ते पाचवे ड्यूक ऑफ गॉर्डन झाले. आई जेन ग्रॅहम. दोघांचं लग्न झालेलं नव्हतं. तरीही बाप्तिस्मा लंडनच्या सेंट जेम्स चर्चमध्ये झाला, मुलीच्या नावात हंटली हा शब्द आला आणि वडिलांनी तिला नाकारलं नाही. तिच्या शिक्षणावर खर्च झाला. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर पळून आलेल्या सरदारघराण्यांतल्या बायकांनी लंडनच्या सोमर्स टाउनमध्ये चालवलेल्या शाळेत ती शिकली. भाषा आल्या, संगीत आलं. आणि चित्रकला आली ती नुसती घरच्या बैठकीत दाखवण्यापुरती नाही. निसर्गचित्रकार जॉन व्हार्ली आणि लघुचित्रकार चार्ल्स हेटर यांच्यासारखे शिक्षक तिला मिळाले. हेटर म्हणजे पुढे राणी व्हिक्टोरियाच्या राज्याभिषेकाचं चित्र काढणाऱ्या जॉर्ज हेटरचे वडील. कला आणि उद्योगांना उत्तेजन देणाऱ्या लंडनच्या नामांकित संस्थेचं रौप्यपदक तिने वीस वर्षांची होण्याआधीच मिळवलं.

1824 साली, विसाव्या वर्षी, तिने स्वतःचं लघुचित्र काढलं. ते आजही आहे. त्या चित्राकडे पाहताना मला तिच्या आत्मविश्वासाचं फार कौतुक वाटतं. हात तयार झालेला आहे आणि त्या हाताची मालकीण ते जाणते आहे.

विवाहबाह्य जन्मलेल्या मुलीला वारसाहक्क नव्हता. त्यामुळे हे शिक्षण म्हणजे तिची खरी मिळकत होती. जमीन नाही, मुदतठेवीसारखा पैसा नाही, पण कुठेही गेलं तरी सोबत येणारी विद्या. 1820 च्या दशकात ती गॉर्डन कॅसलमध्ये राहिली, आजोबांच्या आणि मग वडिलांच्या घरात. वडिलांची पत्नी एलिझाबेथ ब्रॉडी ही अत्यंत धर्मनिष्ठ प्रोटेस्टंट बाई, स्वतःला मूलबाळ नाही. सावत्र लेकीशी तिचं नातं कधी प्रेमाचं, बरेचदा धाकाचं होतं. पीटर गॉर्डन नावाच्या तरुणावर जॉर्जियानाचा जीव होता. तो कॅथलिक म्हणून ते लग्न होऊ दिलं नाही. दशकाच्या अखेरीस ती एडिनबरोला गेली आणि व्यक्तिचित्रं काढून पोट भरू लागली. या काळात तिला गिऱ्हाइकं होती आणि हातात स्वतःची कमाई होती.

25 सप्टेंबर 1830 रोजी गॉर्डन कॅसलमध्ये तिचं अँड्र्यू मॅक्रे यांच्याशी लग्न झालं. अँड्र्यू एडिनबरोचे वकील, गॉर्डन घराण्याशी दूरचं नातं असलेले. आपण ईझल, म्हणजे चित्र ठेवायची तिपाई, सोडलं आणि नाव बदललं, एवढ्याच आशयाची नोंद तिने या लग्नाबद्दल केली आहे. या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा पुरावा मी हाच मानते. मेलबर्न अजून वसलेलंही नव्हतं, मंदी यायची होती, तरी लग्न म्हणजे धंदा बंद हे तिला त्या दिवशीच स्पष्ट होतं.

कसब नेमकं काय होतं

लघुचित्र म्हणजे मोठ्या चित्राची छोटी आवृत्ती, अशी समजूत असते. ती चुकीची आहे. हस्तिदंतावर जलरंगाने चेहरा उतरवणं हे स्वतंत्र तंत्र आहे आणि ते चांगलंच कठीण आहे.

आधी युरोपात अशी चित्रं वासराच्या कमावलेल्या पातळ कातड्यावर काढत. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला व्हेनिसच्या रोझाल्बा कारिएरा या चित्रकार बाईने हस्तिदंताचा वापर रूढ केला आणि शतकभरात सगळीकडे तोच चालू लागला. सुळ्यातून उभी, कागदासारखी पातळ पत्री कापून घेत. पण हस्तिदंत मुळात तेलकट. पाण्याचा रंग त्यावर धरत नाही, थेंब होऊन सरकतो. म्हणून पत्री प्युमिस दगडाच्या भुकटीने घासायची, तिचा तेलकटपणा काढायचा, उन्हात ठेवून तिचा पिवळटपणा घालवायचा. मग रंगात डिंकाचं पाणी नेमक्या प्रमाणात मिसळायचं. डिंक जास्त झाला तर रंग तडकतो, कमी झाला तर पुढच्या ओल्या फटकाऱ्यासरशी खालचा थर उचलला जातो. त्यामुळे रंग पसरवून चालत नाही. बारीक कुंचल्याने ठिपका ठिपका, रेघ रेघ लावत जायचं, प्रत्येक थर वाळू द्यायचा.

चेहऱ्याच्या जागी रंग मुद्दाम इतका पातळ ठेवतात की खालचं हस्तिदंत त्यातून उजळतं. गालावरचा जिवंतपणा रंगाचा नसतो, तो पत्रीचाच असतो. चित्रकाराचं काम तो झाकून न टाकण्याचं. कपड्यांसाठी मात्र जाड, अपारदर्शक रंग चालतो. पुरं झालेलं चित्र काचेखाली, सोन्याच्या किंवा मुलाम्याच्या डबीत बसवत. पाठीमागे बरेचदा त्या माणसाच्या केसांची वेणी असे. गळ्यात घालायचं, मुठीत धरायचं, पत्रासोबत पाठवायचं चित्र.

इथे आपल्या किनाऱ्याचाही संबंध येतो. एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेतलं पुष्कळ हस्तिदंत झांझिबारहून मुंबई बंदरात उतरे आणि तिथून लंडनच्या बाजारात जाई. युरोपातल्या कुण्या आईच्या गळ्यातल्या मुलाच्या चेहऱ्यामागे हत्तींची कत्तल, माणसांच्या खांद्यांवरून वाहिलेले सुळे आणि मुंबईतल्या व्यापाऱ्यांच्या वखारी होत्या. त्या नाजूक डब्यांकडे पाहताना हे विसरलं जाऊ नये असं मला वाटतं.

या तंत्राची एक बाजू आपल्या प्रकरणासाठी निर्णायक आहे. त्याला जागा लागत नाही. तैलचित्राला मोठी खोली, उंच ईझल, टर्पेंटाइनचा वास, ताणलेलं कापड हे सगळं हवं. लघुचित्राला खिडकीजवळचं टेबल पुरतं. साहित्य एका पेटीत मावतं. पाळण्यात मूल झोपवून करता येईल असं हे काम होतं. म्हणूनच युरोपात कितीतरी स्त्रिया या एका शाखेत व्यावसायिक म्हणून उभ्या राहिल्या. म्हणजे जॉर्जियानाला अडचण होती ती जागेची, सामानाची किंवा वेळेची नव्हती, निदान मुख्यतः नव्हती.

गावाला काय हवं होतं

वडील 1836 मध्ये वारले. त्यांच्याबरोबर ड्यूकची पदवी संपली, इस्टेट दुसऱ्या घराण्याकडे गेली आणि जॉर्जियानाला अपेक्षित असलेली तरतूद तिच्या हाती आली नाही. अँड्र्यू 1838 च्या अखेरीस नशीब काढायला ऑस्ट्रेलियाकडे निघाले. ती मागे राहिली. ऑक्टोबर 1840 मध्ये चार मुलग्यांना घेऊन ‘अर्गाइल’ जहाजावर चढली आणि 1 मार्च 1841 रोजी पोर्ट फिलिपला, म्हणजे मेलबर्नच्या उपसागरात, पोचली. तेव्हा ती सदतिशीला आली होती.

मेलबर्न वसून सहाच वर्षं झाली होती. ब्रिटनचा समुद्रप्रवास चार महिन्यांचा. पत्राचं उत्तर यायला जवळजवळ वर्ष. अशा ठिकाणी आलेल्या प्रत्येकाला मागे राहिलेल्या कुणाला तरी आपला, आपल्या नव्या बाळाचा चेहरा दाखवायचा असतो. वसाहतींमध्ये लघुचित्रकार पोट भरू शकत ते याच ओढीवर. फोटोग्राफी अजून पोचली नव्हती: जॉर्ज गुडमनने सिडनीत डगेरोटाइपचा, म्हणजे धातूच्या पत्र्यावर फोटो काढण्याच्या सुरुवातीच्या पद्धतीचा, पहिला व्यावसायिक स्टुडिओ डिसेंबर 1842 मध्ये उघडला आणि तो मेलबर्नला आला 1845 मध्ये. म्हणजे 1841 ते 1845 ही चार वर्षं मेलबर्नमध्ये चेहरा हवा असेल तर तो हातानेच काढावा लागत होता. जॉर्जियानाच्या तोडीचं शिक्षण घेतलेलं दुसरं कोणी त्या चिमुकल्या गावात सापडणं कठीण होतं.

मंदी याच वर्षांत आली. 1841 पासून जमिनीचे भाव कोसळले, लोकरीचे भाव पडले. मेंढ्यांना इतकी किंमत उरली नाही की 1843 पासून त्या उकळून नुसती चरबी विकायचे कारखाने निघाले. मंदीत चित्रं कोण घेणार, असं कोणी म्हणेल. पण लघुचित्र ही चैन होती तशीच निरोपाची वस्तूही होती, आणि निरोप मंदीत थांबत नाहीत. जॉर्जियानाचं स्वतःचंही मत असंच होतं. चित्रांतून मिळकत होऊ शकते आणि घरच्यांच्या आक्षेपापायी ती हातची जाते आहे, हे तिला दिसत होतं. तिच्या रोजनिशीतून ही खंत कळते.

तिने रंगवणं सोडलं होतं असं नाही. ती मुलांचे चेहरे काढत होती, मैत्रिणींचे काढत होती, भेट म्हणून देत होती. चित्र होतं, फक्त चित्राला दाम नव्हता.

काळ तसा होता का?

आता तुलनेकडे येते, कारण या प्रकरणाचा निकाल तिथेच लागतो.

मेलबर्नपासून फार दूर नाही, बास सामुद्रधुनीपलीकडे टास्मानियातल्या होबार्टला, 1831 मध्ये मेरी मॉर्टन ऑलपोर्ट नावाची बाई आली. वय जॉर्जियानाएवढंच, दोन वर्षांनी लहान. शिक्षण चांगलं, हात लघुचित्राचा. नवरा जोसेफ ऑलपोर्ट, पेशाने वकील. सगळं सारखं. आणि या बाईने 1832 मध्ये होबार्टच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली की आपण लघुचित्रं काढून देतो. वकिलाच्या बायकोने, वसाहतीत, छापील जाहिरात देऊन गिऱ्हाइकं मागितली आणि आकाश कोसळलं नाही. ऑलपोर्ट घराणं होबार्टच्या प्रतिष्ठित घराण्यांतच राहिलं, आणि आज मेरीला ऑस्ट्रेलियातली पहिली व्यावसायिक स्त्री चित्रकार म्हटलं जातं.

अर्धं शतक मागे जाऊन कलकत्त्याकडे पाहू. 1786 मध्ये डायना हिल ही विधवा तिथे लघुचित्रकार म्हणून उतरली. ओझायस हम्फ्री हा नावाजलेला चित्रकार वर्षभर आधी येऊन तिथे जम बसवत होता. तो इतका धास्तावला की, इंग्लंडमधले सगळे पुरुष चित्रकार बंगालात आले असते तरी चाललं असतं, पण ही एकटी बाई यायला नको होती, अशा अर्थाचं त्याने पत्रात लिहिलं. कंपनीच्या नोकरांना आपला चेहरा घरी पाठवायचा होता आणि डायना हिलला तो विकण्यापासून अडवणारं कोणी घरात नव्हतं.

तेव्हा स्त्रीने चित्र विकणं ही त्या जगात अघटित गोष्ट नव्हती. विधवेला चालत होतं, अविवाहितेला चालत होतं. जॉर्जियानाने स्वतः एडिनबरोत तेच केलं होतं. काही लग्नाच्या बायकांनाही चालत होतं. मग मॅक्रे घराण्यालाच का चाललं नाही?

मला दिसणारं कारण

पहिली बाजू कायद्याची. त्या काळच्या ब्रिटिश कायद्याप्रमाणे विवाहित स्त्रीची कमाई नवऱ्याची असे. मेलबर्न पुढे ज्या वसाहतीत मोडलं त्या व्हिक्टोरियात विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा 1870 मध्ये झाला, तोवर जॉर्जियानाची मुलं मोठी होऊन गेली होती. म्हणजे तिने कमावलेला प्रत्येक पाउंड कायद्याने अँड्र्यूंच्याच खिशात जाणार होता. निव्वळ हिशेबाने पाहिलं तर विरोध करण्यात नवऱ्याचं नुकसान होतं. तरी विरोध झाला. तेव्हा पैशापेक्षा मोठं काहीतरी त्यांना जपायचं होतं.

ते काहीतरी म्हणजे पत, आणि मी हा शब्द दोन्ही अर्थांनी वापरते आहे. अँड्र्यू वकील होते, मंदीच्या गावात वकिलाची अब्रू आणि त्याला मिळणारी उधारी एकाच धाग्याला बांधलेल्या असतात. बायको घरी बसून लोकांचे चेहरे पैशाने रंगवते आहे हे कळलं, की त्याच संध्याकाळी गावभर झालं असतं: मॅक्रे बुडाले. ऑलपोर्टांनी जाहिरात दिली ती आल्या आल्या, नव्या गावात जम बसवताना. मॅक्रेंवर ती वेळ आली पडत्या काळात. हा फरक लहान नाही.

दुसरी बाजू गोतावळ्याची. मेरी ऑलपोर्टला होबार्टमध्ये सासर नव्हतं म्हणावं असं. जॉर्जियाना मात्र बोटीवरून उतरली ती थेट सासरी. दीर डॉक्टर फार्कर मॅक्रे आपली आई आणि बहिणी यांना घेऊन 1839 मध्येच तिथे येऊन राहिले होते. एका नणंदेचं लग्न कॅप्टन जॉर्ज वॉर्ड कोल या बड्या व्यापाऱ्याशी झालं. चार घरं, सासू, नणंदा, जावई, सगळे एका गावात, सगळ्यांची नावं एकमेकांत गुंतलेली. एका सुनेने दुकान मांडलं तर साऱ्यांच्या दिवाणखान्यात त्याची चर्चा. मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नको. बाईच्या कमाईचा निर्णय नवरा एकटा घेत नाही, तो निर्णय घराण्यात होतो आणि तिला फक्त कळवला जातो.

तिसरी बाजू सगळ्यात खोल आहे आणि ती जॉर्जियानाच्या जन्माची आहे. ड्यूकची मुलगी हे तिचं मोठेपण होतं, आणि लग्नाविना झालेली मुलगी हा त्याच मोठेपणाचा दुसरा अर्धा भाग. मॅक्रेंनी जी सून करून घेतली ती गॉर्डन घराण्याची. तिच्या वागण्याबोलण्यातला, फ्रेंच बोलण्यातला, पियानोवरच्या हातातला तो सरदारी रुबाब नव्या गावात कुटुंबाच्या कामाचा होता. गव्हर्नरच्या जागी असलेले सुपरिंटेंडंट ला ट्रोब आणि त्यांची पत्नी सोफी यांच्याशी तिची जी खरी मैत्री जमली, तिच्यामागे हेच संस्कार होते. अशी बाई फीचा दर सांगू लागली असती तर लोकांनी ड्यूकचं नाव मागे टाकून दुसरा अर्धा भाग उकरला असता. ज्या रक्ताने तिला शिकवलं, त्याच रक्ताची लाज राखण्यासाठी ते शिक्षण पेटीत बंद ठेवावं लागलं. तिचं कुलीनपण पूर्ण नव्हतं, म्हणूनच ते इतकं जपावं लागलं असा माझा निष्कर्ष आहे. संशयाला जागा नसलेली बाई कदाचित दोनचार चित्रं विकूनही उजळ माथ्याने राहिली असती.

अँड्र्यूंवर सगळा दोष टाकायचा माझा हेतू नाही. एडिनबरोतला कायदेपंडितांचा जो वर्ग त्यांनी पाहिला होता त्यात नवऱ्याने घर चालवणं हीच मर्दुमकी होती, आणि ते ती धडपडून, जागा बदलून, धंदे बदलून निभावू पाहत होते. पण निभावलं नाही, आणि त्याची किंमत जिने मोजली तिला विचारलं गेलं नव्हतं.

नंतर

वकिली सोडून अँड्र्यूंनी 1843 मध्ये मॉर्निंग्टन द्वीपकल्पावरच्या आर्थर्स सीट डोंगराच्या पायथ्याशी गुरांसाठी जमीन घेतली. यारेकाठचं मेफील्ड हे घर जॉर्जियानाच्या मनासारखं झालेलं, ते सोडून 1845 मध्ये सगळे तिकडे गेले. नव्या घराचा आराखडाही तिनेच काढला. जाड लाकडी फळ्या एकावर एक बसवून केलेलं ते साधं घर आजही उभं आहे. नॅशनल ट्रस्टकडे आहे, आणि भोवतालच्या वस्तीचं नाव मॅक्रे.

ती जमीन बुनुरोंग लोकांची होती. गोऱ्यांच्या येण्याने त्यांची संख्या तोवर भीषण घटली होती. जे उरले होते ते या घराच्या आसपास वावरत, मॅक्रेंची मुलं त्यांच्याबरोबर हिंडत. जॉर्जियानाने त्यांच्यातल्या माणसांची चित्रं काढली. चेहऱ्यांचं प्रशिक्षण घेतलेला हात तिथेही एकेका माणसाचा चेहरा वेगळा पाहत होता, ‘देशी लोक’ असा घोळका रंगवत नव्हता. पण ही नजर त्या लोकांची जमीन परत देणारी नव्हती, हेही तितकंच खरं.

1851 मध्ये तेही घर सुटलं. सोन्याच्या खाणींमुळे नवी सरकारी पदं निघाली, अँड्र्यू दंडाधिकारी म्हणून या गावाहून त्या गावी फिरत राहिले आणि जॉर्जियाना बराच काळ मुलांसह मेलबर्नमध्ये राहिली. थोरला मुलगा जॉर्ज गॉर्डन सरकारी नोकरीला लागला, पुढे कवी म्हणूनही ओळखला गेला. चित्रं लोकांसमोर आणण्याची संधी तिला 1857 मध्ये मिळाली, मेलबर्नच्या ललितकला संस्थेच्या प्रदर्शनात. तेव्हा ती त्रेपन्न वर्षांची होती आणि शहरात फोटो काढून देणाऱ्यांची दुकानं थाटलेली होती. लघुचित्राचा बाजार उठला होता. जी चार वर्षं तिची होऊ शकली असती ती बारा वर्षांपूर्वीच संपली होती.

गॉर्डन घराण्याकडून काही येईल ही आशा मात्र तिने दीर्घकाळ जपली. सावत्र आई, ड्यूकची विधवा, 1864 मध्ये वारली. जॉर्जियानाला वारसा मिळाला नाही. साठाव्या वर्षी ते दारही मिटलं. या क्षणाला जोडूनच मला सगळं प्रकरण वाचावंसं वाटतं. तिला आयुष्यभर दुसऱ्याच्या देण्यावर विसंबायला लावलं गेलं: वडिलांच्या मृत्युपत्रावर, नवऱ्याच्या धंद्यावर, सावत्र आईच्या शब्दावर. ज्या एका मिळकतीला कुणाच्या सहीची गरज नव्हती, तीच तिला चालवू दिली नाही.

अँड्र्यू 1874 मध्ये वारले. जॉर्जियाना 24 मे 1890 रोजी मेलबर्नच्या हॉथॉर्न भागात वारली, शहाऐंशी वर्षांची होऊन.

पुराव्याबद्दल

तिच्याविषयी जे लोकांना माहीत झालं ते मुख्यतः तिच्या रोजनिशीमुळे. नातू ह्यू मॅक्रे याने ती 1934 मध्ये छापली. तो स्वतः कवी, आणि त्याने आजीचा मजकूर जसाच्या तसा ठेवला नाही. ठिकठिकाणी सजवला, भर घातली. पुढच्या अभ्यासकांनी, विशेषतः 1994 मध्ये तिचं चरित्र लिहिणाऱ्या ब्रेंडा नायल यांनी, मूळ कागदपत्रांकडे जाऊन हा फरक दाखवला. म्हणून छापील रोजनिशीतलं एखादं चटकदार वाक्य तिच्या तोंडी घालताना सावध राहावं लागतं. मी इथे तिची वाक्यं अवतरणात दिली नाहीत ती त्यामुळेच.

चित्रांची गोष्ट वेगळी. विकलेलं चित्र गिऱ्हाइकाच्या घरी जातं, त्याची पावती होते, वर्तमानपत्रात जाहिरात राहते, दुसऱ्या घराण्याच्या वारसांकडे डबी सापडते आणि कलेचा इतिहास लिहिणाऱ्याला चार ठिकाणी नाव भेटतं. मेरी ऑलपोर्टच्या बाबतीत ती 1832 ची जाहिरात हाच पाया ठरला. जॉर्जियानाची मेलबर्नमधली चित्रं मात्र बहुतेक कुटुंबात आणि ओळखीपाळखीत राहिली, तिथून संग्रहालयांत आणि ग्रंथालयांत आली. म्हणून ऑस्ट्रेलियाच्या चरित्रकोशांत तिची ओळख बहुधा आधी रोजनिशी लिहिणारी आणि मग चित्रकार अशी करून दिलेली दिसते. एडिनबरोत जी बाई चेहऱ्याचे पैसे घेत होती तिला हा क्रम उलटा वाटला असता.